पुस्तकं पुसायला दिल्ली कशाला?

नाशिकरोडहून एका वडिलांचं पत्र आलंय. ते नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. मुलगी मराठी घेऊन बी.ए. झाली, मुक्त विद्यापीठातून बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) केलं आणि आता एका ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात सहायक आहे. मध्यंतरी पुस्तकांच्या जतनावरच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आली आणि तेव्हापासून तिने सेटची (प्राध्यापक-ग्रंथपालपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेची) पुस्तकं मिटून ठेवलीत. म्हणते, दिल्लीला नाहीतर लखनौला जाऊन जतनाचंच शिकायचं. घरात आजोबांची पोथी प्लास्टिकच्या पिशवीत होती, त्यावरूनही वाद झाला. वडील लिहितात, “पुस्तकं पुसायला वाचनालयात शिपाई आहे की. त्यासाठी दिल्ली कशाला? तुम्हीच तिला समजवा.”

सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, पण “शिपाई आहे की” या शब्दांपाशी थांबले. वाचनालयात पुस्तकांना सगळ्यात जास्त हात शिपायाचा लागतो, आणि नेमकं त्यालाच कोणी काही शिकवलेलं नसतं. ज्या ओल्या फडक्याने तो कपाट पुसतो, तेच पुस्तकांच्या पाठीवरून फिरवतो. पान सुटलं की सेलोटेप लावतो आणि पावसाळा आला की डांबरगोळ्या टाकतो. त्याचा काय दोष? ग्रंथपालालाही वर्गीकरण आणि तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं) जितकं शिकवतात, तितकं हे शिकवत नाहीत.

मीही यात धुतल्या तांदळाची नाही. कॉलेजात असताना दुपारी एका वाचनालयात काम करायचे. एका मासिकाच्या बांधीव अंकांची पानं सुटली होती. मी मन लावून अर्धं रीळ सेलोटेप संपवला आणि शाबासकीही मिळवली. आठेक वर्षांनी तोच खंड उघडला तर प्लास्टिकच्या पट्ट्या गळून पडल्या होत्या आणि त्यांच्या जागी तपकिरी, चिकट, तेलकट डाग उरले होते. समोरचं पान त्या डागाला चिकटलेलं होतं. सोडवायला गेले तर शाईसकट सोललं.

तुम्ही प्रेसमधले, म्हणून कागदाचं सांगते. नोटेचा कागद कापसाचा असतो, म्हणून ती खिशात घामेजली काय, चुकून धुण्यात गेली काय, तग धरते. पुस्तकांसाठी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालत. त्या तुरटीमुळे कागदात आम्ल होतं आणि त्याचे तंतू आतल्या आत तुटत जातात. म्हणून पंचवटीतल्या एखाद्या तीर्थोपाध्यायांकडची हातकागदाची वंशावळीची वही अजून सहज उलटते आणि तिच्याहून कितीतरी नव्या कादंबरीचा कोपरा दुमडला की पापडासारखा मोडतो. तिथे कसर नावाची कीडही लागलेली नसते, वाळवीही नाही. आपल्या शहरात १८४० सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, वाड्यांतून दप्तरं आहेत, घरोघरी पोथ्या आहेत. या कागदाला कसं हाताळायचं, हे कळणारी माणसं किती?

तुमच्या मुलीने कार्यशाळेत बहुधा फाटलेलं पान जोडून पाहिलं असेल, आणि एकदा ते हाताला लागलं की माणूस त्यात गुंततोच. गव्हाच्या सत्त्वाची खळ मंद आचेवर काचेसारखी होईपर्यंत ढवळायची, गार झाली की गाळायची. (आपले बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. जतनाच्या कामात ते नको.) ती लावून वर जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची, पट्टी बसवायची. ही पट्टी कात्रीने कापत नाहीत. ओल्या ब्रशने रेघ ओढायची आणि हाताने फाडायची, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड पानात मिसळून जातो. उद्या कोणाला हा जोड काढावासा वाटला, तर जपून ओलावा दिला की सुटतो. या कामात परत सोडवता येईल तीच दुरुस्ती चांगली मानतात.

आता पोटापाण्याचं. ‘पुस्तक-जतन सहायक पाहिजे’ अशी जाहिरात आपल्या जिल्ह्यात मी पाहिलेली नाही, आणि एवढ्यात पाहीन असं वाटत नाही. तेव्हा नोकरी सोडून फक्त याच्या मागे लागणं मला पटत नाही. सेट मिटून ठेवणं तर मुळीच नाही. कॉलेजच्या ग्रंथपालपदाला एम.लिब. आणि नेट किंवा सेट लागते, पगारही तिथेच आहे. एम.लिब. तिला मुक्त विद्यापीठातूनच करता येईल. जतनशास्त्रातली (कॉन्झर्वेशन) पूर्ण मास्टर्सही आहे, पण त्यात रसायनशास्त्र बरंच येतं. बी.ए. मराठीच्या मुलीने तिथे डोकं आपटू नये.

तिला जमेल असा रस्ता वेगळा आहे. दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराची (नॅशनल अर्काइव्ह्जची) स्वतःची प्रशिक्षण शाळा आहे. तिथे वर्षभराच्या पदविकेखेरीज पुस्तकं, हस्तलिखितं आणि अभिलेख सांभाळण्याचे काही आठवड्यांचे अभ्यासक्रमही असतात. लखनौची सांस्कृतिक वस्तूंच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ पासून आहे, तीही प्रशिक्षणं घेते. या आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला नोकरी टिकवून, रजा काढून जाता येतं. वाचनालयाच्या समितीने पाठवलं तर उत्तमच. आपल्या वाचनालयांना सरकारकडून मिळतं त्या अनुदानाचं नावच ‘परिरक्षण अनुदान’ आहे. त्यातलं पुस्तकांच्या परिरक्षणाला किती जातं, ते समितीला एकदा विचारून बघा!

पण तिथून येऊन तिने एकटीने पानं जोडत बसू नये. एक माणूस दिवसभरात फाटलेली किती पानं जोडणार? तिने शिपाई आणि सहायकांना शिकवावं. प्रत्येकी दोन तास पुरतात. कपाटातून पुस्तक ओढताना पाठीच्या वरच्या टोकात बोट घालायचं नाही, शेजारची दोन पुस्तकं आत ढकलून मधलं कमरेत धरायचं. एवढी एक सवय लागली तरी बांधणीचा खर्च कमी होतो. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडायची. बुरशी दिसली तर पुस्तक वेगळं करायचं आणि तोंडाला मास्क लावून उघड्यावर झाडायचं. कपाट भिंतीला टेकवायचं नाही, कारण आपल्याकडे जुलै-ऑगस्टात भिंतीला ओल येते.

पुराचं तर वेगळंच शिकवावं लागेल. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१६ चे गोदावरीचे पूर तुम्हाला आठवत असतील. नदीकाठचा दुतोंड्या मारुती किती बुडाला ते बघायला आपण सगळे पुलावर असतो, आणि गावात तळघरातली, खालच्या फळीवरची कागदपत्रं भिजत असतात. लोक मग भिजलेली पुस्तकं उन्हात टाकतात आणि ती वाकडीतिकडी होतात. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद घालून आणि तो बदलत राहून वाळवायची असतात. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं आधी घ्यायची, कारण ती पानं एकदा चिकटली की सुटत नाहीत. खालची फळी जूनच्या आधी रिकामी केली तर हे करावंच लागत नाही.

असं शिकवणारं माणूस जिल्ह्यातल्या वाचनालयांना, शाळांना, वाडेवाल्यांना हवंच आहे. झटपट पैसा नाही यात. मात्र एम.लिब., सेट आणि जोडीला हे हातातलं काम असेल, तर मुलाखतीत इतरांपेक्षा तिच्याकडे सांगण्यासारखं जास्त असेल.

तिला अर्ज करण्याआधी एक काम सांगा. दाखल नोंदवही (वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती) घ्यायची आणि दर शंभरावं पुस्तक काढायचं. पाठ शाबूत आहे का, पान मोडतं का, बुरशी किंवा कसर आहे का, आधी कोणी टेप लावलीय का, एवढं लिहायचं. तो कागद घेऊन मला भेटायला सांगा. समितीकडे रजा मागतानाही तोच उपयोगी पडेल.

आणि पोथीच्या बाबतीत तिचंच बरोबर आहे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. आजच काढा. धुऊन मऊ झालेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात, वर-खाली दोन फळ्या ठेवून बांधा. शेवटचं पान मात्र बघा. पोथी लिहिणारे तिथे बहुधा एक श्लोक लिहीत: तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख. तेव्हा गाठ जरा घट्टच असू द्या.