लीनडोजो पायथॉनमधून चालवताना गिटहबचं रेट लिमिट का आडवं येतं?

लीनडोजो ही लीन या गणिती सिद्धतांच्या भाषेतले रेपो (कोडचे साठे) पायथॉनमधून वाचायची लायब्ररी. ते रेपो ती गिटहबवरून आणते, आणि गिटहब ठरावीक वेळात ठरावीकच रिक्वेस्ट देतं; हेच रेट लिमिट. ऐरोलीच्या को-वर्किंगमध्ये बसून चालवताय असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, बहुतेक तिथेच ग्यानबाची मेख आहे. टोकन (तुमच्या गिटहब खात्याची प्रवेश-किल्ली) नसेल तर गिटहब एका आयपीला, म्हणजे एका इंटरनेट पत्त्याला, तासाला 60 च रिक्वेस्ट देतं, आणि तिथे अख्खा मजला एकाच आयपीवरून बाहेर पडत असणार. तुमच्या वाट्याला काय उरणार? टोकन घेतलंत की तासाला 5000.

टोकन 'गिटहब ॲक्सेस टोकन' या नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. इंग्रजी कॅपिटल अक्षरं, मध्ये अंडरस्कोर: GITHUB_ACCESS_TOKEN. पण लीनडोजो इम्पोर्ट करण्याच्या आधी! लायब्ररी ही सेटिंग्ज इम्पोर्ट होतानाच वाचते. मी नोटबुकच्या तिसऱ्या सेलमध्ये टोकन टाकून अख्खी दुपार घालवली होती. नंतर आठवलं, तर कर्नल रीस्टार्ट करा. टोकन कोडमध्ये मात्र लिहू नका, चुकून कमिट होतं.

लीनची आवृत्ती हाताने बसवायच्या भानगडीत पडू नका. एलान हे लीनच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल टाका, ते रेपोतली लीन-टूलचेन फाइल बघून हवी ती आवृत्ती आणतं. विंडोज असेल तर सगळं डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स).

मॅथलिब (लीनची गणिताची मोठी लायब्ररी) स्वतः ट्रेस करायला, म्हणजे तिच्यातून सिद्धतांचा डेटा काढायला, 16 जीबीच्या लॅपटॉपवर जाऊ नका, रॅम संपते. आधीच ट्रेस झालेला कमिट निवडा, म्हणजे तयार कॅश डाउनलोड होते. स्वतःचाच रेपो ट्रेस करायचा असेल तर 'नम प्रॉक्स' (NUM_PROCS, एकाच वेळी किती प्रोसेस चालवायच्या ते ठरवणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) दोनवर आणा. वेळ लागेल, पण मशीन गोठणार नाही.