फोन ठाण्यात अडकला, नंबर कसा परत मिळवायचा?

प्रश्न : माझ्या दिराच्या बँक खात्यात कुणाच्या तरी फसवणुकीचे पैसे आले, म्हणून पोलीस घरी आले. दिराला नेलं, त्याचा फोन नेला आणि सोबत माझा आणि मुलाचाही नेला. मी पोळी-भाजीचे डबे देते. सगळी गिऱ्हाइकं त्या फोनमध्ये, एकही नंबर पाठ नाही. सिम यजमानांच्या नावावर आहे. मोबाइलवाला म्हणतो, 'फोन हरवला असं लिहून द्या, लगेच दुसरं सिम देतो.' ठाण्यातून यजमानांना रोज फोन येतो की मॅडमना पाठवा. जप्ती पत्रकाचा फोटो जोडला आहे. काय करू? – एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, मोबाइलवाल्याचं अजिबात ऐकू नका. फोन हरवलेला नाही, तो कुठल्या ठाण्याच्या मालखान्यात (जप्त वस्तूंच्या कोठारात) आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. आज तुमच्यावर कसलाही आरोप नाही. हरवल्याचा खोटा कागद केलात, तर विनाकारण संशय ओढवून घ्याल. संचार साथी या सरकारी पोर्टलवर जाऊन फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, ब्लॉक करा, असंही कुणीतरी सुचवेल. तेही करू नका.

पोलिसांनी जप्त केला तो फोन आणि त्यातलं कार्ड. नंबर कंपनीच्या नोंदीत तुमच्या यजमानांच्या नावावर आहे. तो बंद ठेवा असं पोलिसांनी किंवा कोर्टानं कंपनीला कळवलेलं नसेल, तर त्याच नंबरचं नवं कार्ड काढता येतं. मात्र ते उघडपणे, आधी कागद करून काढायचं.

तो कागद म्हणजे थाना प्रभारींच्या नावानं हिंदीत एक साधं पत्र. गुन्ह्याचा क्रमांक, जप्तीची तारीख, तुमचा नंबर लिहा. पुढे लिहा की याच नंबरवर माझा रोजगार चालतो, म्हणून यजमान नवं सिम घेत आहेत. त्यावर मी माझं गूगल खातं आणि व्हॉट्सॲप सुरू करणार आहे. जुन्या फोनमधलं काहीही मी पुसणार नाही. तपासाला अडचण होत असेल तर लेखी कळवावं. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. थाना प्रभारी (टीआय) साहेब नाहीत म्हणून परत पाठवलं, तर तेच पत्र स्पीड पोस्टानं टाका आणि पावती जपून ठेवा. हा कागद कंटाळवाणा वाटेल, पण पुढे कुणी 'पुराव्याशी छेडछाड केली' म्हणालं तर तोच तुमच्या बाजूनं बोलेल.

दोन-चार दिवस उत्तराची वाट पाहा. मग यजमानांनी स्वतः आधार कार्ड आणि जप्ती पत्रक घेऊन कंपनीच्या अधिकृत दुकानात जावं. कारण विचारलं तर खरं तेच सांगावं. नवं सिम सुरू झाल्यावर पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत, जात नाहीत. हा सुरक्षेचा नियम आहे. म्हणजे बँकेचा ओटीपीही आला नाही तर घाबरू नका. तसंच नव्या सिमनंतर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, तेव्हा आत्ता कंपनी बदलायच्या फंदात पडू नका.

आता गिऱ्हाइकांचे नंबर. अँड्रॉइड फोनमध्ये बहुतेक वेळा ते गूगल खात्यात आपोआप साठत असतात. दुसऱ्या फोनवर त्याच जीमेलनं लॉगइन केलंत की यादी समोर येते. पासवर्डसोबत कोड मागितला तर तो तुमच्याच नंबरवर येणार, म्हणून सिम आधी. आत गेल्यावर तिथे 'डिव्हाइस शोधा', 'डिव्हाइसवरचं सगळं मिटवा' असेही पर्याय दिसतील. त्यांना हात लावू नका. मुलालाही बजावून सांगा, कारण घाबरून हे करणारी बहुधा घरातली तरुण मुलंच असतात. पुरावा म्हणून लागू शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फोनचा पिन जप्तीच्या वेळी सांगितला असेल, तर यूपीआयचा पिन आणि बँकेचा पासवर्ड मात्र जरूर बदला.

व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू केलं की जप्त फोनवरचं बंद पडतं. पत्रात त्याचा उल्लेख घालायला सांगितला तो एवढ्यासाठीच. पोलिसांनी लेखी हरकत घेतली तर व्हॉट्सॲप सुरू करायचं थांबा, मॅजिस्ट्रेटपुढे जाऊ. हरकत नसेल तर तुमचे ग्रुप परत दिसू लागतील, आणि डब्यांचा ग्रुप केलेला असेल तर त्यातल्या प्रत्येकाचा नंबर तिथेच सापडेल.

नंबर गूगलमध्ये नव्हतेच, नुसते सिममध्ये होते, असं निघालं तर नव्या सिममध्ये ते येणार नाहीत. तरी वाट आहे. प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील कंपनीकडून मागता येतो. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे त्यासाठी 50 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. यजमानांनी अर्ज करावा. तुम्ही कुणाकुणाला फोन लावले ते त्यात कळेल. डब्याचे पैसे यूपीआयनं येत असतील तर बँकेचं स्टेटमेंट काढा. बऱ्याच जणांचा यूपीआय आयडी म्हणजे त्यांचा मोबाइल नंबरच असतो.

तुम्ही पाठवलेल्या जप्ती पत्रकानं मला खरी काळजी लागली. त्यात तुमच्या फोनसमोर एवढंच आहे : 'एक नग मोबाइल, रंग काला, चालू हालत'. आयएमईआय नाही, सिमचा क्रमांक नाही, सील केल्याचा उल्लेख नाही. उद्या मालखान्यातून कुठलाही काळा फोन काढून 'हा तुमचा' म्हटलं तर काय करणार? फोनचा डबा किंवा बिल शोधा, आयएमईआय त्यावर छापलेला असतो. तो मघाशी सांगितलेल्या पत्रातच लिहून टाका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 103 प्रमाणे झडतीत घेतलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत घरच्यांना द्यावी लागते, कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, आणि कलम 106 प्रमाणे जप्तीची खबर मॅजिस्ट्रेटला ताबडतोब द्यावी लागते. हे झालं की नाही, ते कोर्टात विचारता येतं.

फोन परत हवा असेल तर सुपुर्दगीचा, म्हणजे जप्त वस्तू ताब्यात मिळण्याचा, अर्ज मॅजिस्ट्रेटकडे करायचा. तपास चालू असताना याच संहितेच्या कलम 503 खाली, वस्तू कोर्टापुढे आल्यावर कलम 497 खाली. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या 2002 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की जप्त वस्तू ठाण्यात फार काळ, म्हणजे पंधरा दिवस ते महिन्यापेक्षा जास्त, पडून राहू नयेत. निकाल जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखालचा असला तरी अर्जात तो जरूर घाला. तरीही खोटी आशा दाखवत नाही. फोन तपासणीसाठी सागरच्या किंवा दुसऱ्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला, तर अहवाल येईपर्यंत कोर्ट सहसा तो सोडत नाही. म्हणून त्याच अर्जात दुसरी मागणी ठेवा : फोन देता येत नसेल तर तपासणीत जी प्रत काढाल, तिच्यातून माझी संपर्क यादी मला द्या. 'ठाण्यात जरा फोन सुरू करून नंबर उतरवून घेऊ द्या' असं मात्र कुणाला म्हणू नका. फोन मध्येच सुरू केला तर आतल्या नोंदी बदलतात, आणि मग बदल कुणी केला हा वाद तुमच्या गळ्यात येतो. मुलाच्या फोनचा अर्ज वेगळा करा.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर इंदूर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन केलात तरी माहिती मिळेल.

राहिला रोजचा 'मॅडमना पाठवा' हा निरोप. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर पोलिसांनी लेखी आदेश द्यायला हवा, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 प्रमाणे स्त्रीला तिच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडे हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. यजमानांनी नम्रपणे एवढंच सांगावं : 'लेखी नोटीस द्या, घरी या, ती सगळं सांगेल.' नोटीस साक्षीदाराऐवजी आरोपी म्हणून आली, तर काहीही बोलण्याआधी ती वकिलाला दाखवा.