तांबं चुंबकाला चिकटत नाही, मग फिरणारी तांब्याची चकती वरच्या चुंबकाला सोबत का ओढते?

चकती थांबलेली असेल तर खरंच काही होत नाही. सगळी गंमत फिरण्यात आहे. 1824 मध्ये फ्रान्सच्या आरागो या शास्त्रज्ञाने हे पाहिलं: चकती फिरवली की वर टांगलेली चुंबकसुई त्याच दिशेने वळायला लागते. कारण मात्र 1831 मध्ये, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीजप्रवाह निर्माण होतो या फॅरेडेच्या शोधानंतरच कळलं. तांब्याचा प्रत्येक भाग चुंबकाखालून सरकताना त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, म्हणजे एडी करंट. ते दोघांमधल्या सापेक्ष गतीला विरोध करतात. म्हणून चकतीला ब्रेक लागतो आणि चुंबकाला तेवढाच टॉर्क (फिरवणारा जोर) चकतीच्या दिशेने मिळतो. चकतीला मध्यापासून कडेपर्यंत चिरा पाडल्या तर प्रवाहांची वाट तुटते आणि ओढ बरीच कमी होते. शंका असेल तर हे करून बघाच.

जुन्या वीजमीटरमधली काळ्या खुणेची ॲल्युमिनियमची चकती आठवते? तिला कॉइल फिरवतात आणि कडेला बसवलेलं कायमचुंबक वेगाच्या प्रमाणात अडवतं. हा अडथळा नसता तर चकती भलतीच सुसाट सुटली असती, आणि बिलही. आरागोच्या प्रयोगातली सुई चकतीचा वेग मात्र कधीच पूर्ण गाठत नाही. गाठला तर सापेक्ष गती शून्य, प्रवाह बंद, ओढही बंद. इंडक्शन मोटरचा फिरणारा भाग तिच्यातल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या थोडा मागे राहतो तोही याचमुळे.