बॅगेतून आलेल्या गोळ्या आणि न झालेला स्कॅन

इंग्लंडमधून पत्र आलंय, गावाचं नाव गाळतेय, आपल्या मंडळात बातम्या कशा फिरतात ते तुम्हाला माहितीये. लिहितेस, "ताई, मला पीसीओएस आहे. बीज वेळच्या वेळी सुटत नाही. सुट्टीत नाशिकला डॉक्टरांनी त्यासाठी लेट्रोझोल लिहून दिलं, नंतर साबांनी अजून दोन स्ट्रिप कुणाच्या तरी बॅगेतून पाठवल्या. दोन महिने घेतल्या, पाळी आली म्हणजे काम करतायत ना? आता डोस डबल करू का? जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांना, सांगितलं नाही, ओरडतील."

अगं ओरडू देत की! मेतकूट, क्रोसिन, अमृतांजन सगळं आपण बॅगेतून आणतो, मीही आणते, पण ओव्हुलेशनची, म्हणजे बीज सुटण्याची, गोळी त्यातली नव्हे हे सांगून सांगून मी थकले.

लेट्रोझोल थोडे दिवस शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करतं, मग मेंदूला वाटतं ओव्हरीज कामच करत नाहीयेत, म्हणून तिथून एफएसएच हे हॉर्मोन जास्त सुटतं आणि त्यावर फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, वाढतं. क्लोमिफीन ही याच कामाची दुसरी गोळी, ती इस्ट्रोजेन कमी करत नाही, फक्त मेंदूला ते जाणवू देत नाही, पुढचं सगळं तेच. गोळी पाचच दिवसांची, पण फॉलिकल १८-२० मिमीपर्यंत गेलं का आणि एकच वाढलं का हे सोनोग्राफी स्कॅनशिवाय कुणाला कळणार? बऱ्याच ठिकाणी मग एचसीजीचं इंजेक्शन देतात, त्यानंतर साधारण ३६ तासांनी बीज सुटतं.

आणि पाळीचं म्हणशील तर बीज न सुटताही ब्लीडिंग होतं, पीसीओएसमध्ये तर सर्रास. सुटलं का ते प्रोजेस्टेरॉनच्या रक्ततपासणीत कळतं, आणि सगळे जो २१वा दिवस म्हणतात तो २८ दिवसांच्या पाळीचा, तुझी ३५ दिवसांनी येत असेल तर २८व्या दिवशी करायची. यातलं काहीच न बघता डोस डबल म्हणजे आमटीची चव न घेता मीठ टाकत राहणं झालं गं.

माझ्या भाचीचं सांगते, लेस्टरला असते. क्लोमिफीनच्या पहिल्याच महिन्यात स्कॅनमध्ये एका बाजूला दोन आणि दुसरीकडे एक अशी तीन मोठी फॉलिकल्स दिसली, डॉक्टरांनी इंजेक्शन रद्द केलं, वर या महिन्यात प्रयत्नही नको म्हणाले, तिळं राहायची भीती. कार पार्कमधून मला फोन करून ढसाढसा रडली. पुढच्या महिन्यात डोस निम्मा, फॉलिकल एकच. हीच गोळी ती बॅगेतून आणून घेत असती तर? क्लोमिफीनच्या निदान पहिल्या महिन्यात तरी स्कॅन करा असं नाइस या इंग्लंडच्या आरोग्यसंस्थेच्या २०१३च्या गाइडलाइनमध्येही आहे, म्हणजे मी काही मनाचं सांगत नाहीये.

म्हणून उद्याच जीपीला फोन कर, स्ट्रिपचा फोटो दाखव, कोणत्या तारखांना घेतल्यास ते सांग, फर्टिलिटी क्लिनिकचं रेफरल माग. तोवर तिसरी स्ट्रिप उघडायची नाही. पाळी लांबली तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट, कारण पोटात बाळ असताना ही गोळी चालत नाही.

"कागदावर कॅन्सर लिहिलंय" असं गोळ्यांसोबतचा कागद वाचून घाबरलीयस, तर हो, लेट्रोझोल मूळचं ब्रेस्ट कॅन्सरचंच औषध आहे. भारतात २०११मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदीही आली होती, नंतर ती उठली, आणि आज पीसीओएसमध्ये ओव्हुलेशनसाठी पहिलं औषध हेच मानतात. औषध वाईट नाहीये गं, मी चिडलेय ते परस्पर घेण्यावर.

नवरा "माझं नॉर्मलच असणार" म्हणतो? असेलही, पण रिपोर्ट कुठाय? तू दोन महिने हॉर्मोन्सशी खेळतेयस आणि त्याला वीर्यतपासणीसाठी एक सॅम्पल द्यायला जमत नाही! आमच्या घरातही माझ्या दिराने असंच दीड वर्ष घालवलं. रेफरलच्या आधी त्याची टेस्ट होऊ दे.

साबांचा फोन त्यांच्या मुलाला उचलू दे. हळदीकुंकवाला जावंसं वाटलं तर जा, नाहीतर डोकं दुखतंय म्हणून सांग.