पहिल्या मेटल गिगआधी (स्टेज शोआधी) एवढं बघ

स्लॉट मिळाला, अभिनंदन! नवा ॲम्प, नवी पेडलं सध्या राहू देत.

बहुतेक नवे गिटारिस्ट मार खातात ते टोनमध्ये. घरी एकट्याने वाजवताना ॲम्पवर मिड्स (मधले सूर) शून्यावर आणि गेन (आवाजाचा खरखरीतपणा) फुल्ल असला की भारी वाटतं. स्टेजवर आवाजाचा खालचा भाग बास आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) गिळतात, वरचा सिंबल. रिफ (गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा) कुणालाच कळत नाही. गेन ६ च्या आसपास आण, मिड्स निम्म्याच्या वर ठेव.

ड्रॉप सी (सगळ्या तारा नेहमीपेक्षा खाली उतरवून, सर्वात जाड तार सी सुरावर) वाजवत असशील तर ०९ च्या (सर्वात बारीक तार ०.००९ इंच) तारा लोंबतात, जोरात पिक मारलं की सूर हलतो. ११-५४ चा जाड तारांचा सेट लाव आणि इंटोनेशन (मानेवर वरपर्यंत सूर बरोबर लागणं) पुन्हा जुळव. हे आदल्या दिवशीच, ऐनवेळी नको.

बॅगेत हवं:
- ट्यूनर पेडल, २ केबल, ९ व्होल्टची बॅटरी
- तारांचा जादा सेट
- इअरप्लग (सरावालासुद्धा!)

ड्रमरला सांग, स्नेअर, सिंबल आणि किक पेडल स्वतःचं आण. तिथे बहुधा बाकीचा ड्रमकिटच मिळतो.

३० मिनिटांचा स्लॉट असेल तर २५ मिनिटांचीच गाणी बसवा. आणि प्रवासखर्च कोण देणार हे आयोजकाकडून व्हॉट्सॲपवर लिहून घे. तोंडी ‘बघू रे’ म्हणजे नाहीच.