‘बरं, ठेवते हं’ म्हणायची गरज नाही

मागच्या अंकात केवायसीच्या नावाने येणाऱ्या फोनांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि इतकी पत्रं आली की या वेळी अख्खं सदर त्यालाच दिलंय. वाचकांची नावं छापत नाही. ज्यांचे पैसे गेले त्यांना नातेवाइकांच्या चौकश्या नकोत, आणि ज्यांचे वाचले त्यांची नावं चोरांना कळवायचं काही कारण नाही. एक आधीच सांगते, मी बँकेत होते, पोलिसात नाही. त्यामुळे उत्तरं काउंटरच्या आतल्या बाजूने दिलेली आहेत.

माझे यजमान नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. नोव्हेंबरात फोन आला, ‘पेन्शन ऑफिसातून बोलतोय, हयातीचा दाखला अपडेट नाही, या महिन्यापासून पेन्शन बंद.’ त्याला यांचा पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा), निवृत्तीची तारीख, माझं नाव, सगळं माहीत! ओटीपी मागितला तेव्हा चष्मा सापडेना म्हणून यांनी फोन माझ्या हातात दिला आणि मी कट केला. आता हे म्हणतात, ‘फोन ऑफिसचाच असणार, एवढी माहिती दुसऱ्या कुणाकडे असेल?’ — जेलरोड

चष्मा सापडला नाही ते फार बरं झालं.

वहिनी, साहेबांना एवढंच विचारा की आधार, पॅन आणि पासबुकाच्या झेरॉक्स आजवर कुठे कुठे दिल्यात. सिम घेताना, गॅसच्या एजन्सीत, सोसायटीच्या ऑफिसात, कर्जाला जामीन राहिलो तिथे. त्या कागदांचं पुढे काय झालं ते कोणी बघितलंय? अशा याद्या विकल्या जातात. समोरच्याला आपली माहिती आहे म्हणजे तो ऑफिसचा, हे गणितच चुकीचं आहे. आणि ओटीपी बँकच पाठवते, मग स्वतःच पाठवलेला आकडा ती तुम्हाला कशाला विचारेल?

हयातीच्या दाखल्याचं म्हणाल तर तो द्यायला बोट, डोळा किंवा चेहरा लागतो. बँकेत जा, पोस्टमनला घरी बोलवा, नाहीतर नातवाच्या मोबाइलवर जीवन प्रमाणचं ॲप उघडून चेहरा दाखवा. यातलं काहीही फोनवर बोलून होत नाही. चुकून उशीर झाला तरी दाखला दिल्यावर पेन्शन मागच्या थकबाकीसकट सुरू होते, पैसे बुडत नाहीत. नोव्हेंबर हा दाखल्याचा महिना असतो हे चोरांनाही ठाऊक असतं, म्हणून त्या दिवसांत असे फोन वाढतात.

घरात एकच रीत ठेवा. फोन आला, पैशाचा विषय निघाला, की ठेवून द्यायचा. मग वाटलंच तर आपण परत लावायचा, तोही त्याने दिलेल्या नंबरवर नाही आणि गुगलवर शोधूनही नाही, कारण तिथेही खोटे कस्टमर केअर नंबर पेरलेले असतात. पासबुकावर छापलेला असतो तो लावायचा, किंवा एटीएम कार्डाच्या मागचा. बँकांनी ग्राहकांना व्यवहाराबाबतचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करावेत असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘मी बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका. पण १६०० दिसला म्हणून ओटीपी सांगायचा, असं मात्र नाही हं.

माझे सासरे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. कुणाचाही फोन आला तरी शेवटपर्यंत ऐकून घेतात. क्रेडिट कार्डवाला असो की लॉटरीवाला, मधेच फोन तोडणं त्यांना असभ्य वाटतं. मी बोलायला गेले तर ‘मला शिकवू नकोस’ म्हणतात. काय करू? — कॉलेज रोड

ताई, मला तुमचं पत्र सगळ्यात जास्त आवडलं, कारण खरी गोम इथेच आहे. आपल्याकडे फोन ठेवायचीसुद्धा रीत आहे. ‘बरं मग, ठेवते हं’, तिकडून ‘हो हो, या एकदा घरी’, पुन्हा ‘नक्की’, आणि मग कुठे ठेवायचा. समोरचा बोलत असताना कट करणं म्हणजे तोंडावर दार लावणं. या मंडळींचा सगळा धंदा आपल्या या भिडेवर चालतो. त्यांना तुमची हुशारी अडवत नाही, त्यांना फक्त तुम्ही लाइनवर राहायला हवे असता. म्हणून फोन खरा की खोटा हे ओळखत बसण्याच्या मी विरुद्ध आहे. ओळखण्यासाठी ऐकावं लागतं, आणि ऐकत राहिलं की माणूस अडकतो.

सासऱ्यांना ‘मुलाला विचारून सांगतो’ असं बोलायला सांगू नका. चाळीस वर्षं शाळा चालवलेल्या माणसाला ते लागेल, आणि बरोबरच आहे. त्यांच्या तोंडी शोभेल असं वाक्य द्या: ‘आपलं म्हणणं मला लेखी पाठवा.’ हे म्हणायचं आणि उत्तराची वाट न बघता ठेवायचं. मुख्याध्यापकांना जमेल, शिक्षकांचे रजेचे अर्ज असेच परत पाठवले असतील! आणखी एक करून बघा. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघात या विषयावर त्यांनाच बोलायला उभं करा. भाषणाच्या तयारीसाठी वाचतील ते तुमच्या सांगण्यापेक्षा जास्त डोक्यात राहील.

आणि हे भाषणाइतकंच महत्त्वाचं, बँकेतलं काम. मोठ्या एफडी ‘दोघांपैकी कोणीही’ अशा असतील तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी दोघांच्या सह्या लागतील अशा करून घ्या. यूपीआय ज्या खात्याला जोडलंय त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा, आणि ॲपमधली व्यवहाराची मर्यादा खाली आणा. वडीलधाऱ्यांवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटू नये म्हणून तुमच्या आणि मिस्टरांच्या खात्यांनाही हेच करा.

आमच्या सोसायटीत एका बाईंना दिवसभर व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं. पोलीस असल्याचं सांगून एफडी मोडायला लावत होते. बाई चांगल्या शिकलेल्या. अशा कशा फसतात? — गोविंदनगर

शिक्षणाचा काही संबंध नाही. उलट ज्यांनी आयुष्यात कधी पोलीस स्टेशनची पायरी चढलेली नाही, ते लवकर घाबरतात.

माझ्या जुन्या शाखेत आता काउंटरला बसणाऱ्या मुलीने सांगितलेला प्रसंग आहे. साठीच्या पुढच्या बाई, नेहमी हसून बोलणाऱ्या. त्या दिवशी आल्या आणि एफडीची पावती पुढे सरकवली. ‘मोडायची आहे, आरटीजीएस करायचंय.’ कशासाठी, तर ‘फ्लॅट घेतोय.’ अगदी पाठ केल्यासारखं. मोबाइल हातात पालथा धरलेला आणि वायर केसांमधून कानात गेलेली. मुलीने तोंडाने काही विचारलं नाही. पैसे काढायच्या स्लिपच्या मागे लिहिलं, ‘फोनवर कोणी आहे का? नुसती मान हलवा.’ मान हलली. मग तिने मोठ्याने ‘सर्व्हर डाउन आहे, बसावं लागेल’ असं सांगितलं, बाईंना मॅनेजरच्या केबिनमध्ये नेलं आणि फोन काढून घेऊन बंद केला. बाई पाणी प्यायल्या. बराच वेळ गप्प होत्या, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे, ‘आता ते माझ्या मुलाला पकडतील ना?’ मुलगा त्या वेळी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत होता.

याची पद्धत साधारण ठरलेली असते. आधी रेकॉर्ड केलेला आवाज, ‘तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, नऊ दाबा.’ नऊ दाबलं की हिंदीत बोलणारा ‘अधिकारी’. तुमच्या आधारवर सिम घेतलंय, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, मनी लाँड्रिंगमध्ये नाव आलंय. मग व्हिडिओ कॉल, खाकी वर्दी, मागे बोधचिन्ह, शिक्क्यांचं पत्र. आणि लगेच तीन सूचना: दार लावून घ्या, कुणाला सांगू नका, कॉल बंद करू नका. या तिन्हीचा हेतू एकच, तुम्हाला घरातल्या घरात एकटं पाडणं. शेवटी ‘चौकशीपुरते’ पैसे ‘सरकारी’ खात्यात भरायला सांगतात.

‘डिजिटल अरेस्ट’ नावाचं काही आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं होतं. अटक म्हणजे पोलीस प्रत्यक्ष येणार, कारण सांगणार आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणार. बाईमाणसाला तर अपवाद वगळता सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, आणि अपवाद असला तरी महिला अधिकारी व न्यायालयाची परवानगी लागते. व्हॉट्सॲपवर वर्दी दाखवणारा कुठल्याच पोलीस ठाण्याचा नसतो. तरी छातीत धडधडलंच, तर फोन ठेवून ११२ लावा आणि मला असा फोन आला म्हणून सांगा. खरे पोलीस रागावत नाहीत.

शेजाऱ्यांनीही एक करावं. एकटी राहणारी बाई दिवसभर दिसली नाही, दार वाजवल्यावर आतूनच ‘नंतर या’ म्हणाली, तर परत फिरू नका. वाटीभर साखर मागा हवं तर, पण दार उघडायला लावा.

व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची फाइल आली आणि लगेच फोन, ‘हप्ता अडकलाय, फाइल उघडा.’ मुलाने उघडू दिली नाही. उघडली असती तर काय झालं असतं? — पिंपळगाव बसवंत

मुलाला शाबासकी द्या. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असं असेल तर ती कागदाची फाइल नसून ॲप असतं. ते बसलं आणि परवानग्या मिळाल्या की तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपीही, परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात. तुम्ही काही सांगायची गरजच उरत नाही. कधी लग्नाची पत्रिका, कधी आरटीओचं चलान, नावं बदलतात. कधीकधी ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्या ओळखीच्या माणसाचा मोबाइल आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. चुकून कोणी उघडली असेल तर मोबाइलचं इंटरनेट लगेच बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. द्राक्षांच्या हंगामात बागेतून फोन घ्यायला सवड नसते आणि व्यापाऱ्यांचे अनोळखी नंबर उचलावेच लागतात, हे मला ठाऊक आहे. उचला की. फाइल उघडू नका एवढंच.

‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज खरा असतो का? — सिडको

नाही. थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायद्याप्रमाणे आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शंका असेल तर महावितरणच्या १९१२ वर विचारा.

आमचे पैसे गेले. रक्कम लिहीत नाही, लाज वाटते. दोन दिवस कुणाला सांगितलंही नाही. आता काही होईल का? — इंदिरानगर

आधी १९३० लावा, हे वाचून संपवायच्या आत. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे नोंद झाली की ज्या बँकेत पैसे गेले तिला कळवलं जातं आणि खात्यात जेवढे शिल्लक असतील तेवढे रोखून ठेवता येतात. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, पुढच्या, त्याच्या पुढच्या खात्यात फिरवतात, म्हणून पहिले काही तास सोन्यासारखे. दोन दिवसांनी आशा कमी होते, संपत नाही. जवळ बँकेचं नाव, खाते क्रमांक, तारीख, वेळ आणि मेसेजमधला व्यवहाराचा क्रमांक ठेवा. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरा आणि मिळालेला क्रमांक घेऊन शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात जा.

त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, शिक्का-तारखेसकट. पोच नसली की पुढे सगळे हात वर करतात, हे मी आतून पाहिलंय. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे दोष तुमचाही नाही आणि बँकेचाही नाही, तिसऱ्याच ठिकाणी गडबड झाली आणि तुम्ही कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर तोशीस तुम्हाला लागत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं. म्हणजे गप्प बसण्याचा प्रत्येक तास तुमच्या खिशातून जातो. ३० दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही.

आता एक इशारा. ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ असा फोन तुम्हाला येऊ शकतो. तोही त्यांच्यातलाच.

मी अशा लोकांना मुद्दाम अर्धा अर्धा तास बोलत ठेवतो, भलतेच ओटीपी सांगतो. त्यांचा वेळ गेला तर दुसरा कोणीतरी वाचतो, बरोबर ना? — सातपूर

कल्पना वाईट नाही, पण मी नाही करणार. हा नंबर चालू आहे, माणूस उचलतो आणि बोलत बसतो, एवढं त्यांना आयतं कळतं, आणि बोलता बोलता आपल्या तोंडून काय निसटेल सांगता येत नाही. दुसरं असं की पलीकडचा मुलगाही कदाचित नोकरीच्या आमिषाने कंबोडिया नाहीतर म्यानमारला नेऊन डांबलेला असेल. तिथून सोडवून आणलेल्या भारतीय मुलांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्याला छळून त्याच्या मालकाचं काही बिघडत नाही. त्यापेक्षा ती अर्ध्या तासातली दोन मिनिटं काढा, दूरसंचार विभागाच्या संचार साथी ॲपवर ‘चक्षू’ उघडा आणि नंबर तिथे नोंदवा. पैसे गेले नसतील तरी तिथे तक्रार घेतात. आपल्या नावावर किती सिम आहेत तेही त्याच ॲपवर दिसतं. ते बघून घ्या, आणि अनोळखी नंबर सापडला तर तिथल्या तिथे ‘माझा नाही’ म्हणून कळवा.