मेलिफेराच्या पेटीत व्हरोआ आहे का हे कसं ओळखावं, आणि औषध कोणतं द्यावं?

तुम्ही लिहिलंय की कोरेगावजवळ मेलिफेराच्या, म्हणजे युरोपियन मधमाशीच्या, दहा पेट्या आहेत. पेटीसमोर चुरगळलेल्या पंखांच्या माश्या रांगताना दिसतात, पण फ्रेम उचलून बघितल्या तर माश्यांवर कीड दिसत नाही. शेजारचे मधपाळ म्हणतात गंधक टाका. शिवाय सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, एक पेटी आहे, तिलाही औषध द्यावं का?

औषधाचं नंतर बघू. आधी मोजा.

व्हरोआ म्हणजे मधमाश्यांवर जगणारी बारीक कीड. चुरगळलेले पंख हा तिने पसरवलेल्या विषाणूचा मार असतो. अशा माश्या दारात पडायला लागल्या म्हणजे कीड आत बरेच दिवस मुरलेली आहे. तुम्हाला ती दिसत नाही, कारण पिल्लं भरपूर असताना बहुतेक व्हरोआ पिल्लांच्या मेणाने सीलबंद झालेल्या घरांतच असतात. घर बंद व्हायच्या जरा आधी मादी आत शिरते आणि कोषावर पोट भरत तिथंच अंडी घालते. बाहेर असलीच तर माशीच्या पोटाखालच्या कड्यांच्या फटीत घुसून बसते. लालसर तपकिरी, खेकड्यासारखी आडवी, रुंदी जेमतेम दीड मिलिमीटर. नरमाश्यांची घरं जास्त दिवस बंद राहतात म्हणून ती तिला जास्त आवडतात. काट्याने नरांचे चाळीस-पन्नास कोष उचलून बघा, पांढऱ्यावर तपकिरी ठिपका लगेच उठून दिसतो.

पण आकडा हवा तर पिठीसाखरेची चाचणी करा. पिल्लांच्या फ्रेमवरून अर्धा कप माश्या घ्या, त्या साधारण ३०० भरतात. राणी त्यात नाही ना, हे दोनदा बघा. झाकणाला जाळी बसवलेल्या बरणीत माश्या टाका, वरून दोन मोठे चमचे पिठीसाखर, बरणी हळू लोळवा, दोन मिनिटं सावलीत ठेवा आणि मग पाणी घातलेल्या पांढऱ्या ताटात जोरात झटका. साखर विरघळते, कीड तरंगते. आलेल्या आकड्याला तीनने भागा, म्हणजे शंभर माश्यांमागे किती ते कळतं. शंभरामागे तीन, म्हणजे ताटात नऊ दिसले की औषध द्यायला थांबू नका. माश्या पांढऱ्या होऊन परत पेटीत जातात, बाकीच्या त्यांना चाटूनपुसून घेतात.

यात मी एकदा चांगलाच फसलोय. वाईला ऐन श्रावणात चाचणी केली. दमट हवेत साखरेच्या गुठळ्या झाल्या, ताटात दोनच पडले, मी खूश. दिवाळीच्या सुमाराला कोरड्या हवेत त्याच पेटीत १७ निघाले, आणि तोवर शेजारच्या दोन पेट्या बसल्या, म्हणजे माश्या संपून रिकाम्या झाल्या होत्या. पावसाळ्यात साखरेवर विसंबू नका. तेव्हा त्याच मापाच्या माश्या स्पिरिटमध्ये हलवून मोजा. त्या ३०० मरतात, वाईट वाटतं, पण आकडा खरा मिळतो.

गंधकाचं म्हणाल तर शेजारी अगदीच चुकीचं सांगत नाहीत, पण ते दुसऱ्या किडीबद्दल बोलतायत. आपल्याकडे आग्या माश्यांवरून मेलिफेरावर आलेली ट्रोपिलिलॅप्स नावाची कीड आहे. ती लांबट, व्हरोआपेक्षा बारीक, आणि फ्रेमवर तुरुतुरु पळते. साखरेच्या चाचणीत ती फारशी सापडत नाही. पिल्लांच्या फ्रेमवरच्या माश्या झटकून फ्रेम पांढऱ्या ताटावर आपटा, मग दिसेल. गंधक वापरतात ते मुख्यतः तिच्यासाठी. सील केलेल्या घरातल्या व्हरोआपर्यंत ते पोचत नाही, आणि जास्त पडलं तर उघडी पिल्लं मरतात.

व्हरोआवर झाकणाआड पोचणारं औषध म्हणजे फॉर्मिक ॲसिडची वाफ. ८५ टक्क्यांचं ५ मिली, वात लावलेल्या छोट्या बाटलीतून, रोज, १५ दिवस. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कातडी भाजते. मध काढून घेतल्यावरच द्यायचं. आणि दुपारचं तापमान ३० च्या वर जात असेल तर देऊच नका. मी आंबे बहाराला डाळिंबासाठी पेट्या आटपाडीला नेल्या होत्या, तिथल्या मार्चच्या उन्हात फॉर्मिक लावलं आणि तीन राण्या गमावल्या. वाईत डिसेंबरात तेच औषध निमूट काम करतं.

ऊन चढलं असेल तर मी राणीला २४ दिवस पिंजऱ्यात ठेवतो. तोवर सगळी पिल्लं बाहेर पडतात, लपायला घर उरत नाही. मग ऑक्झॅलिक ॲसिड: एक लिटर साखरपाण्यात (साखर आणि पाणी सारखं) ३५ ग्रॅम, दोन फ्रेममधल्या प्रत्येक फटीत ५ मिली, एका पेटीला ५० मिलीच्या वर नाही, आणि एकदाच. पिल्लं असताना हे ओतणं म्हणजे निम्मं वाया. राणी कोंडण्याचा दुसरा फायदा असा की ट्रोपिलिलॅप्सला मोठ्या माशीवर पोट भरता येत नाही, पिल्लांविना ती दोन-तीन दिवसांत मरते. बाजारातल्या औषध लावलेल्या पट्ट्या मी टाळतो. त्यांचा अंश मेणात साठतो, आणि वर्षानुवर्षं एकच पट्टी लावली की कीड तिला जुमानत नाही.

औषध संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बरणी काढा. आकडा खाली आला नसेल तर औषध बदला, मात्रा वाढवू नका.

सातेरीच्या पेटीला यातलं काहीही देऊ नका. व्हरोआ मुळात तिच्याच जातीवरची कीड आहे. त्या माश्या एकमेकींच्या अंगावरून ती उपटून काढतात, आणि तिची वीण जवळजवळ नरांच्या घरांपुरतीच राहते. सातेरी बसत असेल तर मेणकिडा बघा, मुंग्या बघा. पिल्लू पाण्याच्या पिशवीसारखं फुगून उचलताना अखंड बाहेर आलं तर तो विषाणूचा थैली रोग आहे. त्यावर ॲसिड चालत नाही. तशी पेटी बाकीच्यांपासून लांब हलवा, तिच्या फ्रेम दुसरीकडे घालू नका आणि महाबळेश्वरच्या मध संचालनालयात विचारा, सातेरी त्यांच्या रोजच्या हाताखालची आहे.